झाकण असलेला डबा

रविवारी सकाळी जुन्या बाजारात सगळ्यांत आधी कोण येतं, असं कुणालाही विचारा. चष्मेवाला सांगेल, "झाकणताई." शेजारचा ट्रंकवाला वैतागून सांगेल, "झाकणताई, दुसरं कोण? आमची गाठोडी सुटायच्या आत ह्या बाई हजर. जणू दुकान त्यांचं आणि गिऱ्हाईक आम्ही!"

बाजार भरायचा तो बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मागच्या पटांगणात. जमिनीवर ताडपत्र्या आणि ताडपत्र्यांवर लोकांच्या घरातलं उरलंसुरलं सगळं. एका दांडीचे चष्मे, काटे गळालेली घड्याळं, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो, तेही फ्रेमसकट. हौशी मंडळी यायची, कुणी दिव्याच्या जुन्या काचा हुडकायचं, कुणी गाण्याच्या तबकड्या. मनासारखी चीज हाती लागली की चेहरा मुद्दाम पाडून म्हणायची, "हं, ठीक आहे, टाका पिशवीत." झाकणताईला यातलं काहीएक नको असायचं. तिला हवी असायची झाकणं.

आता यात हसण्यासारखं काही नाही. म्हणजे आहे, बाजार हसायचाच. पण बाई इस्पितळाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं बाटल्या धुवायच्या कामाला होती. तिथल्या काचेच्या बाटलीचं बूच त्याच बाटलीपुरतं घासून बसवलेलं असतं. एकाचं दुसऱ्याला लावलंत तर एक तर गळणार, नाहीतर असं रुतून बसणार की बाटलीच फोडावी लागणार. एकतीस वर्षांत हिनं एक जोडी चुकवली नाही. डॉक्टर लोकांची नावं ती विसरायची, पण कुठलं बूच कुठल्या बाटलीचं हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. नोकरी संपली, सवय थोडीच संपते! उघडं भांडं दिसलं की तिचा जीव तुटायचा.

तिच्या पिशवीत दोऱ्यांचा एक जुडगा असायचा. घरातल्या प्रत्येक बिनझाकणी भांड्याच्या तोंडाला दोरा गुंडाळून, बरोबर मापावर गाठ मारून, त्याला चिठ्ठी बांधलेली. 'निळी बरणी, उंच.' 'चहादाणी, नळी टवकलेली.' 'डबा, एका अंगाला पोचा.' बाजारात एखादं झाकण दिसलं की बाई तिथल्या तिथे फतकल मारून बसायची आणि एकेक दोरा त्याच्या कडेला लावून बघायची. चष्मेवाला म्हणायचा, "ताई, झाकणाला ताप आलाय का? नाडी काय बघताय?"

"तुझी बघू का?" ती म्हणायची. तिचं आठवड्यातलं सगळ्यांत लांबलचक बोलणं बहुतेक वेळा एवढंच असायचं.

कारण घरी बोलायला होतंच कोण? दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक खिडकी, एक खुर्ची. खुर्च्या दोन होत्या, पण दुसरीवर बरण्या ठेवलेल्या. जोडी जमली की ती भांडं लख्ख घासायची, झाकण बसवायची, फळीवर मांडायची, आणि त्यात काहीच भरायची नाही. भरणार काय? एकट्या बाईला लागतं ते किती? अशी चाळीस-पन्नास रिकामी भांडी झाकणं लावून ओळीनं बसलेली. दारावरची घंटा महिन्यातून एकदा वाजायची, विजेचं मीटर बघणारा यायचा तेव्हा. त्यालाही ती चहा विचारायची. तो घाईत असायचा.

त्या जुडग्यात एक दोरा लाल होता. त्याला चिठ्ठी नव्हती. बाकीचे सगळे दोरे भांड्यांचे होते, हा एकटा झाकणाचा. खिडकीशेजारच्या खिळ्यावर एक पितळी झाकण टांगलेलं असायचं, वर बारकी कडी, कडेला वेलबुट्टी. त्याच्या डब्यासाठी हा लाल दोरा. खरं सांगायचं तर ती बाजारात जायची ती या एका डब्यासाठी. बाकी झाकणं म्हणजे निव्वळ निमित्त.

डबा तिच्या आईचा. आई घरी शिवणकाम करायची आणि त्या डब्यात बटणं ठेवायची. दोघी बहिणी त्या डब्याशी खेळतच मोठ्या झाल्या. एकदा थोरलीनं, म्हणजे आपल्या झाकणताईनं, कर्कटकाच्या टोकानं डब्याच्या आत तळाला मांजर कोरलं. धाकटी तेव्हा पाच वर्षांची. तिला वाटलं, मांजर अजून जोरात पळायला पाहिजे, म्हणून तिनं त्याला आणखी दोन पाय काढले. आईनं दोघींना बदडलं, मग स्वतःच हसत बसली. तेव्हापासून त्या डब्याच्या तळाला सहा पायांचं मांजर.

पुढे धाकटी लग्न करून दुसऱ्या गावी गेली, बसनं दोन तास. थोरली राहिली आईपाशी. आईचं दुखणं सात वर्षं चाललं. आई गेल्यावर धाकटी तीन दिवसांसाठी आली आणि तिसऱ्या दिवशी, कपाट आवरताना, ठिणगी पडली.

"हा डबा मी नेते हं ताई."

"न्यायच्या वेळेला बरी आलीस. उचलायच्या-निजवायच्या वेळेला कुठे होतीस?" थोरली म्हणाली. हातात झाकण होतं तिच्या, बटणं काढून घेत होती.

"तुला आई मिळाली सात वर्षं. मला एक डबा नको मिळायला?"

याला उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो, तसा तिनं चढवला. धाकटीनं नुसता डबा बॅगेत कोंबला आणि निघून गेली. झाकण थोरलीच्या हातात राहिलं.

वर्षभरानं थोरलीनं फोन केला. खरं म्हणजे कशी आहेस म्हणायचं होतं, पण तोंडातून निघालं, "माझा डबा परत कर."

"भंगारात दिला," पलीकडून आवाज आला.

थोरलीनं फोन ठेवला. पुन्हा कधी उचलला नाही, आणि तिकडूनही कधी वाजला नाही. एकोणीस वर्षं! दोघीही आईवर गेलेल्या, दुसरं काय.

भंगारात दिला, तर भंगारातून निघेल. इतका साधा हिशेब करून बाई बाजारात जायला लागली. डबा सापडला की धाकटीच्या दारात जायचं, झाकण लावून तिच्यापुढे आपटायचा आणि म्हणायचं, "बघ. तू टाकलास, मी शोधला." हे वाक्य तिनं पहिली काही वर्षं घोकलं. मग त्यातलं आपटणं गेलं. मग 'तू टाकलास' गेलं. अलीकडे ते वाक्य एवढंच उरलं होतं, "घे, तुझा डबा." मान न वाकवता जायला एक वस्तू हवी होती हातात, बस्स. रिकाम्या हातानं जाणं तिच्या स्वभावात नव्हतं, मेली तरी.

आणि म्हणून ती दर रविवारी पितळेचा प्रत्येक बिनझाकणी डबा उचलायची, त्याच्या तोंडाला लाल दोरा लावायची. कधी बोटभर मोठा, कधी नखभर लहान. झाकण असलेल्या डब्यांकडे ती ढुंकूनही बघायची नाही. त्यांना कशाला बघायचं? त्यांची जोडी आहेच की जमलेली.

त्या रविवारी ती ट्रंकवाल्याच्या ताडपत्रीशी बसली होती. एका गिऱ्हाइकाला जुनी किल्ली हवी होती. ट्रंकवाल्यानं किल्ल्यांचा डबा पुढे ओढला, झाकण काढून बाजूला ठेवलं आणि किल्ल्या ताडपत्रीवर ओतल्या. झाकणताईनं वळून बघितलं तर समोर उघडं पितळी तोंड. हात आपोआप पिशवीत गेला. दोरा लावला. टोक गाठीला भिडलं, केसाचाही फरक नाही.

"अरे, ह्याचं झाकण कुठाय?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"हे काय समोर! डोळे आहेत की बटणं?"

तिनं डबा उजेडाकडे तिरका केला. तळाला मांजर होतं. चार पाय नेटके आणि दोन वेडेवाकडे.

मग तिनं ते झाकण उचललं. वेगळंच होतं, साधं, थोडं मोठं. सैल बसू नये म्हणून आतल्या कडेला निळा दोरा गुंडाळलेला, आणि शेवटी गाठ. ती गाठ आई बटण लावून झालं की मारायची, दोनदा उलटी आणि एकदा सुलटी. तशी गाठ मारणारी माणसं या जगात तीनच होती, त्यातली एक गेलेली.

म्हणजे भंगारात दिला नव्हता तर. भवानी खोटं बोलली होती!

"हा डबा तुझ्याकडे कधीपासून आहे?"

"चार आठवडे झाले असतील. हा पाचवा रविवार. तुम्हीच नाही का तिसऱ्या रविवारी उचलून बाजूला ठेवलात? मागचा फुटका डबा बघायला? मी म्हटलंसुद्धा, अहो ताई, चांगला धडधाकट डबा आहे, हा घ्या. तर म्हणालात, ह्याला झाकण आहे, मला काय करायचाय."

ते तिला आठवलं. हाताला त्याचं वजनसुद्धा आठवलं.

जुन्या बाजाराचा एक दंडक असतो. माल कुठून आला, हे विचारायचं नाही. कुणाच्या घरातून काय परिस्थितीत निघालं, हे कळलं की घेणाऱ्याचा हात आखडतो आणि विकणाऱ्याची पंचाईत होते. एकोणीस वर्षांत झाकणताईनं हा नियम कधी मोडला नव्हता. नवख्या लोकांनी विचारलं तर तीच त्यांना दटावायची.

"कुठून आणलास?" तिनं विचारलं.

ट्रंकवाला बघतच राहिला. "ताई, तुम्ही विचारताय हे?"

"सांग रे बाबा. पाया पडते तुझ्या."

तेव्हा त्यानं गावाचं नाव सांगितलं. धाकटीचंच गाव. एका म्हाताऱ्या बाईंच्या खोल्या रिकाम्या करायच्या होत्या, घरमालकानं बोलावलं, हा टेंपो घेऊन गेला. बाई एकट्याच राहायच्या.

"एकट्या? आणि नवरा?"

"नवरा-बिवरा काही नव्हता. पुरुषाचा एक सदरासुद्धा निघाला नाही त्या घरातून. बाई पडल्या म्हणे न्हाणीघरात, इस्पितळात नेलं. परत येऊन एकटीला जमणार नाही म्हणून घर सोडलं. पुढचं मला माहीत नाही. घ्या, डबा असाच न्या, आणि जरा पाणी प्या, चेहरा बघा कसा झालाय."

इस्पितळात. म्हणजे आहे! झाकणताई जी उठली ती चपला उलट्यापालट्या घालूनच निघाली. मेहुणा गेला आणि मला कळवलंही नाही, असा राग मनात यायला लागला, तो तिनं वाटेतच गिळला. कळवणार तरी कुणाला होती?

सोमवारी पहिल्या बसला ती खिडकीशी बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत डबा, डब्यावर धाकटीचं झाकण, आणि आईचं झाकण वेगळं, टॉवेलात गुंडाळून. दोन तास ती ओठ हलवत होती. घे, तुझा डबा. नको, ते बरोबर नाही, तिनं तो टाकलाच कुठे होता? मग, अगं, मांजराला भेटवायला आले. छे, हे तर फारच लाडात येतंय. शेवटी तिनं ठरवलं की काही बोलायचंच नाही. पलंगाशी बसायचं आणि आईचं झाकण डब्यावर बसवायचं. ते बसताना टक् असा आवाज होतो. तो आवाज ऐकला की धाकटी डोळे उघडेल आणि म्हणेल, आलीस होय, बया! मग आपण म्हणायचं, खोटारडे! आणि मग काय, रडायचंच की दोघींनी.

पत्ता ट्रंकवाल्यानं लिहून दिला होता. जिन्यानं वर गेली तर खोलीला कुलूप, दारावर नवा रंग. शेजारच्या दारातून एक बाई बाहेर आली, हातात केरसुणी. तिनं झाकणताईकडे बघितलं, मग पिशवीतून डोकावणाऱ्या डब्याकडे बघितलं, आणि केरसुणी भिंतीला टेकवली.

"तुम्ही ताई का?"

"हो. कुठल्या इस्पितळात आहे ती?"

शेजारणीनं तिला हाताला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. तेव्हाच कळलं झाकणताईला. तरी ती थांबली, कुणीतरी सांगेपर्यंत ते खरं नसतं म्हणून.

"गेल्या बुधवारी," शेजारीण म्हणाली. "इस्पितळातून शुश्रूषागृहात हलवलं होतं. सुरुवातीला बरी होती हो. बसवत होतो, चहा घेत होती, मला चिडवत होती. मग न्यूमोनिया झाला. तुमचा पत्ता कुणाकडेच नव्हता, आणि तिला विचारलं की म्हणायची, ताईला त्रास देऊ नका, तिनं आईचं खूप केलंय."

झाकणताई बोटांवर मोजत होती. पहिला रविवार, दुसरा, तिसरा. तिसऱ्या रविवारी तिनं डबा उचलून बाजूला ठेवला होता. "पंधरा दिवसांमागे कशी होती?" तिनं विचारलं.

"तेव्हा? चांगली होती की. खिडकीशी बसायची."

बाईनं पदर तोंडाशी धरला. शेजारणीला काय कळणार होतं? तिला वाटलं, बहिणीच्या आठवणीनं. धीर द्यावा म्हणून ती आपली बोलत राहिली.

"ह्या डब्यावर फार जीव तिचा. मी बाजूला काढून ठेवला होता, पण त्या गडबडीत मजुरांनी सगळ्या सामानाबरोबर भरला. आधी ह्याला झाकणच नव्हतं, माहितीये? डब्याच्या तोंडाचा कागद कापून तो पर्समध्ये घेऊन हिंडायची. आमच्याकडे दर शनिवारी भरतो ना जुना बाजार, एक शनिवार चुकवायची नाही. लोक हसायचे. मी म्हणायचे, अहो, जुनं झाकण बहिणीकडे आहे म्हणता, मग जाऊन आणा की! तर म्हणायची, जाईन, जाईन, झाकण मागायला म्हणून जाईन एक दिवस. चार वर्षांमागे मिळालं एक, हेच. घरी आणलं, दोरा गुंडाळून बसवलं, आणि रडायला लागली. मी म्हटलं, आता काय झालं? इतकी वर्षं शोधत होतात, मिळालं की! तर म्हणते कशी, मिळालं खरं, पण आता ताईकडे जायला कारण उरलं नाही."

परतीची बस दुपारची होती. त्यातलं तिला नंतर काही आठवलं नाही.

घरी आल्यावर तिनं दुसऱ्या खुर्चीवरच्या बरण्या उचलून खाली ठेवल्या. डबा टेबलावर ठेवला, धाकटीचं झाकण काढलं, टॉवेलातून आईचं झाकण काढलं आणि बसवलं. टक्. जसं काही कालच काढलं होतं. इतक्या वर्षांत तिच्या हातून जमलेली ही सगळ्यांत नेमकी जोडी. खिडकीतून ऊन येत होतं, फळीवरची चाळीस-पन्नास भांडी झाकणं लावून गप्प बसली होती.

मग तिनं आईचं झाकण पुन्हा काढलं, खिळ्यावर अडकवलं, आणि डब्यावर धाकटीचं झाकण बसवलं, निळ्या दोऱ्याचं, एका बाजूला किंचित हलणारं. गाठीवरून बोट फिरवलं. दोनदा उलटी, एकदा सुलटी.

"कारण कशाला लागतं गं?" ती समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली. "नुसतं यायचंस."

ती उठली, तिनं सवयीनं एकाच कपाचा चहा टाकला, गॅसजवळ उभी राहिली. चहा उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"मी तरी कुठे गेले," ती म्हणाली.